मदत हवी आहे: सेसना १७२ (छोटं प्रशिक्षण विमान) टेकऑफला डावीकडे गेलं, जबाबात काय लिहायचं?

ऐरोलीकर
मुलगी बाहेरगावी वैमानिकाचं प्रशिक्षण घेते. परवा सोलोला (एकटीने उडवताना) टेकऑफ घेताना १७२ एस धावपट्टी सोडून डावीकडे गवतात गेलं. पुढचं चाक मोडलं, प्रॉपेलर जमिनीला लागला. तिला काही झालं नाही, आता घरी आहे. लेखी जबाब मागितलाय. "उजवा रडर (शेपटीवरचं उभं पान, पायाच्या पेडलने वळतं) दिला होता, तरी वळलं" म्हणते. असं होतं का?

कोपरी_ठाणे
होतं. पूर्ण पॉवरला हे विमान डावीकडेच ओढतं, त्यात वारा डावीकडून असेल तर शेपूट ढकलली जाते आणि नाक वाऱ्याकडे वळतं. नाक कितीला उचललं? विमानाच्या पुस्तकात ५५ नॉट (ताशी सागरी मैल) आहे. ४०-४५ लाच योक (हातातलं सुकाणू) ओढला तर पुढच्या चाकावरचा भार जातो. स्ट्रट (चाकाचा धक्काशोषक दांडा) पूर्ण लांबला की ते चाक मधोमध अडकतं, पेडलने वळत नाही, आणि एवढ्या कमी वेगाला नुसता रडर पुरत नाही. वर उचललेल्या नाकामुळे प्रॉपेलरची डावी ओढ आणखी वाढते ती वेगळीच. अशा वेळी थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) बंद, योक सैल, नाक खाली. पॉवर ठेवून रडरने भांडत बसायचं नाही.

खारघर_एएमई
सीटचंही विचारा. सेसनाची सीट रुळावर पिनने अडकते. पिन भोकात नीट बसली नसेल किंवा भोकं झिजली असतील, तर पॉवर देताच सीट मागे सरकते. पाय पेडलवरून सुटतात, हात योक ओढतो. वर सांगितलेलं सगळं एकदम घडतं. सेसनाच्या बऱ्याच मॉडेलांच्या सीट रुळांच्या तपासणीसाठी एफएएचा (अमेरिकेची विमान नियामक संस्था) २०११ चा सक्तीचा आदेश आहे. आणि प्रॉपेलर लागलाय म्हणजे पातं बदलून भागत नाही, इंजिन उघडून तपासावं लागतं.

ऐरोलीकर
सीट हलली नाही म्हणते. वारा डावीकडून ८ नॉटच्या आसपास, नाक "साधारण ४५ ला" उचललं.

कोपरी_ठाणे
८ नॉट म्हणजे फार नाही, पुस्तकात १५ पर्यंत दाखवलेला आहे. मला तरी लवकर उचललेलं नाकच दिसतंय. पण ताई, जबाबात हे निदान लिहू नका. तिने काय पाहिलं, काय केलं, तेवढंच क्रमाने: टॉवरने किंवा विंडसॉकने दाखवलेला वारा, फ्लॅप, ट्रिम, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), नाक उचलतानाचा वेग, वळल्यावर थ्रॉटल कधी ओढला. आठवत नसेल तर "आठवत नाही" लिहा. आकडे अंदाजाने घालू नका.

खारघर_एएमई
विमानात जी१००० (स्क्रीनवाली उपकरणं) असेल तर एमएफडीच्या (माहिती दाखवणारी मोठी स्क्रीन) वरच्या खाचेतल्या एसडी कार्डवर दर सेकंदाची नोंद असू शकते: वेग, आरपीएम, दिशा. ते कार्ड स्वतः काढू नका, चौकशी अधिकाऱ्यांनीच काढावं. फक्त ते जपून ठेवावं असं आजच लेखी कळवा, पोच घ्या. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. जबाबाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.