'टाकलेली'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

एका कथेचं इंग्रजी करतेय. पहिल्याच पानावर वाक्य आहे, 'ती नवऱ्यानं टाकलेली.' लीव्ह, डिझर्ट की अबँडन? कोशात तिन्हींपुढे 'सोडणे, त्याग करणे' एवढंच मिळतं.

— लीव्ह नको. नवरा सकाळी डबा घेऊन निघतो तेही लीव्हच. शिवाय उद्या तीही त्याला लीव्ह करू शकते. 'टाकणे'त कोण टाकणार आणि कोण टाकली जाणार हे ठरलेलं असतं.

— मी डिझर्ट घेईन. जबाबदारी झुगारल्याचा आरोप त्यात आहे. फौजेतून पळालेल्या शिपायालाही हाच शब्द. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण म्हणून तोच आलाय, अर्जाआधी सलग किमान दोन वर्षं सोडून राहिलं असेल तर. उच्चार मात्र सांभाळा. जोर पहिल्या अक्षरावर पडला तर वाळवंट, दुसऱ्यावर पडला तर जेवणानंतरचं गोडही तसंच ऐकू येतं!

— कायद्यातला म्हणूनच मला तो खटकतो. ती झाली 'परित्यक्ता', अर्जात लिहायची. 'टाकलेली' ओट्यावर बसून बोलतात. अबँडन बघा. बुडतं जहाज अबँडन करतात, भंगार गाडी रस्त्याकडेला अबँडन करतात, अर्धवट बांधकामसुद्धा. तिथे परत कोणी फिरकत नाही.

— आणि क्विट?

— नोकरी क्विट करतात, सिगारेट करतात, जागा करतात. नवरा-बायकोत नाही चालत. १९४२ चं 'क्विट इंडिया' मला म्हणूनच आवडतं. भाडेकरूला जागा सोडायची नोटीस द्यावी तसा त्यात ठसका आहे. 'लीव्ह इंडिया'त तो आला नसता.

— मूळ मुद्द्यावर येऊ. अबँडन्ड ऐकलं की त्या बाईची कीव येते. आपल्याकडे 'टाकलेली' म्हणताना बोलणाऱ्याच्या जिभेवर कीव असतेच असं नाही, बऱ्याचदा नाक मुरडलेलं असतं, जणू खोट तिच्यातच. कथेत हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे?

तिच्या जावेच्या. भांडणात.

— मग तिन्ही सोडा. 'कास्ट-ऑफ' घ्या. वापरून टाकून दिलेल्या कपड्यांना म्हणतात तो. निवेदकाला पुढे कुठे सांगायचं असेल तर तिथे डिझर्टेड ठेवा.

जावेला शोभेल. पण माझ्या संपादकबाई 'फार कठोर वाटतं' म्हणणार.

— मूळही कठोरच आहे म्हणावं.