इंटरकूलरवर पाणी मारायचं की नाही? लावा एकदाचा सोक्षमोक्ष

घाटवेडा (नाशिक)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुटून पडणाऱ्यांची सोय होईल. टर्बो गाडी, त्यातही जिचा इंटरकूलर बॉनेटखाली इंजिनच्या डोक्यावर बसवलाय अशी गाडी ज्याच्याकडे आहे, त्याने त्यावर पाण्याचा फवारा बसवून घ्यावा. खर्च किरकोळ, फायदा खरा.

नवख्यांसाठी थोडक्यात: टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ४० अंश असताना दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा १३५-१४० अंशांच्या घरात जाते. ती इंटरकूलरच्या जाळीतून फिरवून गार करतात, कारण गार हवा दाट, आणि दाट हवेत ऑक्सिजन जास्त.

माझी जुनी एम-हॉक डिझेल स्कॉर्पिओ. इंटरकूलर वर, बॉनेटच्या नाकाडातून (वारा आत घेणाऱ्या उंचवट्यातून) त्याला वारा. कसारा घाटात कंटेनरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असलो की त्या नाकाडातून वारा कसला कप्पाळ येणार? उलट खालून इंजिनची धग. मग समोर मोकळं मिळतं, पाय दाबतो आणि गाडी ढिम्म. यावर उपाय म्हणून वायपरच्या पाण्याची एक जादा टाकी, वॉशर मोटर, दोन नोझल, एक रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि डॅशबोर्डवर बेलचं बटण बसवलंय. ओव्हरटेकच्या आधी चार-पाच सेकंद दाबायचं, बस्स.

सुबारूने इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआयला हेच कारखान्यातून दिलं होतं, डिक्कीत टाकी आणि पुढे बटण. मित्सुबिशीच्या लॅन्सर इव्होलाही फवारा होता. जपानी इंजिनिअर काय येडे होते?

शंकासूर

येडे नव्हते, त्यांना रॅली जिंकायच्या होत्या. तुम्हाला इगतपुरीला वडापाव खायला वर पोचायचंय.

जरा गंभीरपणे. एसटीआय आणि इव्हो या दोन लिटरच्या पेट्रोल गाड्या, जपानी बाजारात कागदोपत्री २८० पीएसच्या. पेट्रोलमध्ये आत जाणारी हवा तापली की इंजिन नॉक होऊ लागतं (इंधन आपोआप भडकून ठोके बसतात), मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. म्हणजे हवा विरळ झाल्याचा तोटा वेगळा आणि टायमिंगचा वेगळा. तिथे दहा-पंधरा अंशांना किंमत आहे. डिझेलमध्ये ही नॉकची भानगडच नाही. ताकद ठरते डिझेल किती सोडलं यावर, आणि त्याची कमाल मर्यादा ईसीयूत आधीच लिहिलेली आहे. हवा ७० अंशांवरून ५५ वर आणलीत तर घनता वाढते साडेचार टक्के. डिझेल इंजिन तसंही गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं. ते साडेचार टक्के तुमच्या पायाला कळले, की बटण दाबल्याचं समाधान कळलं?

घाटवेडा

शंकासूर, कमाल मर्यादेचं म्हणणं मान्य, पण ती लागते वरच्या आरपीएमला. घाटात मी असतो १४००-१५०० वर. टर्बो अजून जागा होत असतो, हवा कमीच असते, आणि काळा धूर निघू नये म्हणून ईसीयू मोजलेल्या हवेच्या हिशोबातच डिझेल सोडतो. तिथे हवा दाट मिळाली तर डिझेलही जास्त मिळतं. मला ताकद हवी असते ती नेमकी तिथेच. टॉप स्पीडचं कोणाला पडलंय!

वऱ्हाडी_ऊन

आमच्या नागपुरात चालन भाऊ हे, तुमच्या इकडं नाही. सोपं आहे ना, कूलरसारखं. वाळ्याचा कूलर मे महिन्यात आमच्याकडं खोली थंडगार करते, आन् मुंबईत तोच कूलर लावला तं नुसता चिकचिकाट. हवेतच पाणी भरेल असलं तं तुमचं पाणी उडणार कुठं? कोकणात जाऊन बटण दाबून राहिले तं फक्त बॉनेट धुवून निघन.

आकडेमोड

वऱ्हाडी भाऊ, कूलरचा नियम इथे अर्धाच लागतो, आणि या धाग्यातला खरा गमतीचा भाग हाच आहे.

कूलरमधलं पाणी हवेपेक्षा गरम नसतं. त्यामुळे हवेत आधीच किती बाष्प आहे यावर सगळा खेळ. इंटरकूलरची जाळी मात्र स्वतःच ६० अंशांच्या आसपास तापलेली असते. ६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब साधारण २० किलोपास्कल. मुंबईच्या ३३ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेतला बाष्पदाब ३.५ च्या आसपास. नागपूरच्या ४४ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो दीडच्याही खाली. पाणी उडतं ते या दोन दाबांमधल्या फरकामुळे. मुंबईत फरक साडेसोळा, नागपुरात साडेअठरा. म्हणजे कोकणात पाणी उडायचा वेग दहा-बारा टक्क्यांनी कमी होईल, बंद पडणार नाही. तापलेल्या तव्यावर पाणी मुंबईतही चुरचुरतंच की.

जाळीला लागणाऱ्या हवेलाच आधी गार करायचं म्हटलं, तर मात्र तुमचा कूलर जिंकला. पण नोझल आणि जाळी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर. तेवढ्यात थेंब हवेत विरून जायला वेळच मिळत नाही. जे काही होतं ते पत्र्यावर होतं.

आता पाणी किती लागेल? घाटवेड्यांचं इंजिन जोरात ओढत असताना सेकंदाला १२० ग्रॅम हवा घेतंय असं धरू. ती १० अंशांनी आणखी गार करायची तर सव्वा किलोवॉटच्या आसपास उष्णता काढावी लागेल. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण २.४ किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे सेकंदाला अर्धा ग्रॅम, मिनिटाला ३० ग्रॅम. हा अगदी आदर्श हिशोब, थेंबही न सांडता. तेच पाणी न उडता ३० अंशांचं ६० अंशांचं होऊन खाली गळलं, तर ग्रॅममागे फक्त सव्वाशे ज्यूल नेलं. जवळजवळ वीसपट कमी. तेव्हा किती पाणी मारलं हा मुद्दाच नाही, त्यातलं उडालं किती हे बघा.

शंकासूर

आणि वॉशर मोटरचं नोझल फवारा मारत नाही, पिचकारी मारतं. तुमच्याच हिशोबाने घाटवेडे होळी खेळतायत.

तासगावची_बाग

नोझलचा विषय निघाला म्हणून बोलतो. गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण द्राक्षाला फवारण्यात जन्म चाललाय.

हॉलो कोन नोझल (पोकळ शंकूसारखा फवारा मारणारं) घ्या आणि प्रेशर द्या. वॉशर मोटरला तेवढं प्रेशर नसतं, मग बारीक भोकाचं नोझल लावलं तरी धार बारीक होते एवढंच, धुकं होत नाही. छोटा डायफ्राम पंप मिळतो, बॅटरीवरच्या पाठीवरच्या पंपात असतो तोच, १२ व्होल्टचा. तो टाका. आणि पानावर थेंब लटकून ओघळायला लागला की तिथून पुढचं औषध जमिनीला. तुमच्या जाळीलाही तोच न्याय लागंल. सलग दाबून धरू नका, सेकंदभर मारा, थोडं थांबा, परत मारा.

दुसरं, पाणी कुठलं भरताय? आमच्याकडं बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) बघितल्याशिवाय कोणी औषध कालवत नाही. ते पाणी तापल्या जाळीवर मारलं तर पाणी उडंल आणि क्षार तिथंच बसतील. नोझल तर महिन्यात तुंबंल.

घाटवेडा

वा तासगावकर, हे कामाचं. पंप बदलतो. पाणी मी बॅटरीचंच भरतो, डिस्टिल्ड. वायपरच्या टाकीतलं शाम्पूचं पाणी तर चुकूनही नको, त्याचा थर बसतो.

टीएसआय_ताई

माझ्याकडे एक लिटरची टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल गाडी, आहे. हे सगळं वाचून पुढची जाळी उघडून बघितली तर इंटरकूलर सापडलाच नाही. आमचा कुठे असतो?

आकडेमोड

ताई, तुमचा इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) आतच बसवलेला असतो आणि तो पाण्याने गार होतो. त्या पाण्याचं सर्किट आणि छोटा रेडिएटर वेगळा. इंटरकूलरवर फवारायला तुमच्याकडे जागाच नाही. फार तर पुढच्या रेडिएटरवर मारता येईल, पण मध्ये कूलंट असल्यामुळे परिणाम उशिरा आणि पुसट. सोडून द्या.

मॉडवाला_भाई

एवढी चर्चा कशाला? बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसला पाण्याचाच फवारा दिला होता. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायरमध्येही होता. सिद्ध झालेली गोष्ट आहे.

शंकासूर

भाई, ते पाणी आत जातं. बीएमडब्ल्यूमध्ये इनटेकमध्ये फवारतात, जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडायचे. इथे चाललंय ते बाहेरून जाळी भिजवणं. आत पाणी सोडण्यात मोजमाप चुकलं तर इंजिन गेलं, बाहेरच्यात चुकलं तर फार तर बूट भिजतील. दोन्ही एका माळेत ओवू नका, नाहीतर उद्या कोणीतरी बेलचं बटण लावून सिलिंडरमध्ये बोअरचं पाणी सोडेल.

गॅरेज_नगररोड

एवढे हुशार लोक बोलतायत, त्यात माझे चार शब्द. मी फवाऱ्याच्या विरोधात नाही, पण फवारा मागायला येणाऱ्या गाड्या उघडल्या की आत काय निघतं ते सांगतो.

वरच्या इंटरकूलरच्या गाडीत, मग ती जुनी स्कॉर्पिओ असो की पहिली तीन लिटरची फॉर्च्युनर, बॉनेटच्या नाकाडाखाली रबराची पट्टी असते. बॉनेट बंद झालं की ती इंटरकूलरवर दाबून बसते, म्हणजे आलेला वारा जाळीतूनच खाली जातो. पट्टी कडक झाली, फाटली, किंवा कुणी बॉनेट रंगवताना काढून परत लावलीच नाही, की वारा बाजूने पळून जातो. सोपी तपासणी: पट्टीच्या कडेला खडू फासा, बॉनेट बंद करा, उघडा. खडूची रेघ इंटरकूलरच्या चौकटीवर सलग उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथून वारा पळतोय.

मग जाळी. वरून माती, पाखरं, वाळका पाला. आतून तेलाचा ओशटपणा. तेलाचा पातळ थर असला तरी उष्णता जायला अडथळा, आणि तिथे बाहेरून कितीही पाणी ओता. आणि हो, पाणी अधिक धूळ म्हणजे चिखल. घाटात ट्रकच्या मागे धूळ खात ओली जाळी घेऊन चाललात, तर ती थापली जाणारच.

शेवटी होज. टर्बो ते इंटरकूलरचा रबरी पाइप क्लिपपाशी चिरलेला असतो. गाडी उभी असताना चीर दिसत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आल्यावर उघडते. साबणाचं पाणी लावून एकाने रेस द्यायची, दुसऱ्याने बुडबुडे बघायचे. गाडी ओढत नाही म्हणून येणाऱ्यांत हे फार. त्याला फवारा हा इलाज नाही.

वऱ्हाडी_ऊन

हे पटलं बुवा. काहून की आमच्या इकडं रेडिएटर तापला तरी लोक आधी बर्फाची लादी शोधते, पंखा फिरून राहिला का नाही ते मागून पाहते.

मेलबर्नचा_मध्या

माझ्याकडे सेकंडहँड एसटीआय आहे, फवारा कंपनीचाच. ट्रॅकवर पार्किंगमधून निघताना, गाडी उभी राहून जाळी तापलेली असते तेव्हा, पहिल्या लॅपला फरक पडतो. तापलेली जाळी लवकर उतरते. एकदा वेग धरला की समोरचा वाराच एवढा असतो की बटण विसरायला होतं. रोजच्या रस्त्यावर? डिक्कीतली टाकी रिकामी आहे हे सर्व्हिसिंगच्या वेळी कळतं.

आकडेमोड

मध्याने नेमकं सांगितलं. उभ्या गाडीत तापलेली जाळी हाच फवाऱ्याचा खरा गिऱ्हाईक. तीन-साडेतीन किलोचं ॲल्युमिनियम २० अंशांनी उतरवायचं तर ६० किलोज्यूल लागतात, म्हणजे २५ ग्रॅम पाणी. पाच चमचे! सलग चढावर दहा मिनिटं मारत बसायचं असेल तर आदर्श हिशोबानेच ३०० ग्रॅम, आणि गळती धरली तर लिटर-दीड लिटर सहज जाईल.

शंकासूर

पण तीच जाळी मोकळा रस्ता मिळाल्यावर वाऱ्यानेही उतरतेच ना? फरक थोड्या सेकंदांचा. त्यासाठी टाकी, पंप, रिले, वायरिंग, दर आठवड्याला बॅटरीचं पाणी. वर गाडी वॉरंटीत असेल तर विजेचं काही बिनसलं की सर्व्हिस सेंटरवाला आधी तुमच्या त्या रिलेकडेच बोट दाखवणार. आणि इंजिनच्या डोक्यावर फवारणार म्हणजे ओघळ कनेक्टरवर, अल्टरनेटरवर. ते कुणी मोजायचं?

घाटवेडा

ओव्हरटेकही थोड्या सेकंदांचाच असतो, साहेब. समोरून एसटी येत असताना ते सेकंद मला स्वस्त वाटत नाहीत. कनेक्टरचं म्हणाल तर नाकाडातून पावसाळ्यात बादलीभर पाणी आत येतंच, गाडी त्या हिशोबानेच बांधलेली आहे.

आणि मला नुसता भास होतोय असं म्हणणाऱ्यांसाठी, ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं) लावून मोबाइलवर तापमान बघितलंय. बटण दाबल्यावर आकडा उतरतो.

शंकासूर

कुठला आकडा? बहुतेक ॲपवर ‘इनटेक एअर टेंपरेचर’ म्हणून जो दिसतो, तो पुष्कळ डिझेल गाड्यांत एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, टर्बोच्या आधीचा. त्याला तुमच्या फवाऱ्याचा पत्ताही नसतो. गाडीने नुसता वेग घेतला तरी तो उतरतो. इंटरकूलरच्या पुढचा, बूस्ट प्रेशरच्या सेन्सरमधला आकडा दाखवा. तोच घाट, तोच गिअर, एकदा फवारा चालू, एकदा बंद. आणि त्याआधी ती रबराची पट्टी बदला, नाहीतर बंद असतानाचा आकडा मुद्दाम वाईट येईल.

घाटवेडा

बूस्ट सेन्सरचा आकडा दाखवणारं ॲप टाकतो. खडूची तपासणी आत्ता पार्किंगमध्ये जाऊन केली, डाव्या बाजूला रेघ तुटली आहे. पट्टी मागवली. पण पंपही मागवलाय, तासगावकर म्हणतात तो डायफ्रामवाला. पट्टी बसवून आधी फवाऱ्याशिवाय चढतो, मग फवाऱ्यासकट. दोन्ही आकडे इथेच टाकतो.

शंकासूर

टाका. आणि दोन्ही वेळा दुपारीच चढा. एक आकडा भर उन्हातला आणि दुसरा रात्री दहाचा, असं चालणार नाही.