सहा माणसं, एक ट्रेलर आणि एक पिकअप: अर्धा टनी घ्यावा की पाऊण टनी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ट्रक घ्यायचाय. म्हणजे आपल्याकडे ट्रक म्हणतात तो नाही, इकडे अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात तो, फुल साइझ, चार दारांचा. त्यात अर्धा टनी म्हणजे हलका वर्ग आणि पाऊण टनी म्हणजे त्याच्या वरचा जड वर्ग. आम्ही कोलोरॅडोत लॉन्गमाँटला राहतो. गेले दोन महिने पोरं झोपली की मी रोज हेच वाचत बसते आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. इथे कुणी ट्रक वापरणारे, त्यातही मागे ट्रेलर लावून डोंगरात जाणारे असतील तर प्लीज थोडा वेळ काढून सांगा. पोस्ट मोठी झालीये, पण अर्धवट माहिती दिली की सल्लाही अर्धवट मिळतो म्हणून सगळंच लिहितेय.

आधी काय ओढायचंय ते. साधारण २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बघून ठेवलाय, बंक बेडवाला, सामान पाणी भरून ६,००० पौंडांपर्यंत जाईल, म्हणजे २,७०० किलोच्या आसपास. मी, नवरा, दोन पोरं, आणि वर्षातले पाच महिने आई-बाबा. बाबांना आता हॉटेलात राहायचा कंटाळा येतो आणि आईला बाहेरचं खाणं चालत नाही, त्यामुळे स्वतःचं स्वयंपाकघर मागे घेऊन फिरणं हे आम्हाला खरंच सोयीचं पडतं. मोआब, ग्रेट सँड ड्यून्स, यलोस्टोन अशा ट्रिपा डोक्यात आहेत. आणि घरच्या बागेसाठी कंपोस्ट, माती, जळणाची लाकडं हेही आणायचं असतं, दर वेळी कुणाचा तरी ट्रक मागायला लाज वाटते.

आता ज्यामुळे मी एवढी काळजीत पडलेय ते सांगते. मागच्या सप्टेंबरात आम्ही आमच्या सात सीटच्या एसयूव्हीमागे भाड्याचा छोटा ट्रेलर लावून २८७ नंबरच्या हायवेने फोर्ट कॉलिन्सहून लॅरमीकडे निघालो होतो. ट्रेलरचं वजन गाडीच्या मर्यादेत होतं, मी दोनदा तपासलं होतं. पण चार सायकली, जनरेटर आणि पाण्याचे कॅन आम्ही सगळे ट्रेलरच्या मागच्या टोकाला लावले, कारण जागा तिथे होती. त्या रस्त्याला वारा कसा असतो ते तिकडे राहणाऱ्यांना माहीत आहे. समोरून एक मोठा सेमी ट्रक गेला, त्याच्या झोताने ट्रेलर एकदा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, आणि त्याच्याबरोबर माझ्या गाडीची शेपूट पण हलायला लागली. मी ब्रेक मारला नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि स्टेअरिंग घट्ट सरळ धरून ठेवलं, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली आल्यावर ते थांबलं. शोल्डरला गाडी लावली तेव्हा माझे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते. मागे धाकटी रडत होती.

बाबा खाली उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, पुढचा दांडा जिथे आपल्या हुकाच्या गोळ्यावर बसतो तिथे हात लावून वर उचलून बघितला आणि म्हणाले, "आगं, उलाळ झालीया गाडी. म्हागं वझं किती भरलंयसा."

ज्यांनी बैलगाडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, गाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या ताणतात, त्याला उलाळ म्हणतात. माल थोडा धुरेकडे झुकता भरायचा, पण इतकाही नाही की बैलांच्या मानेवर बसेल. बाबा वाळवा तालुक्यातले, सगळी हयात उसात गेली, दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरचं तोंड चढाला उचलताना मीही लहानपणी पाहिलंय. मी घरी येऊन वाचलं तर इंग्रजीत पानंच्या पानं तेच लिहिलेलं: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे हुकावर आलं पाहिजे, त्याला टंग वेट म्हणतात, ते कमी पडलं की ट्रेलर झोकांड्या खातो. त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला सायकली आणि कॅन काढून पुढे भरले आणि उरलेला रस्ता ५० च्या आत शांतपणे गेलो.

तर मुद्दा हा की ते १० ते १५ टक्के वजन शेवटी ट्रकच्या पाट्यांवर येतं. आणि इथेच माझं गणित अडलंय.

एका डीलरकडे गेलो होतो. त्याने सांगितलं मॅडम हा १३,००० पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर त्याच्या निम्मासुद्धा नाही, डोळे झाकून घ्या. ट्रक सुंदर होता, लेदर, पॅनोरमिक छप्पर, सगळं. बाबांनी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा पिवळ्या पट्टीचा स्टिकर वाचला. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाता कामा नये, किलोत आणि पौंडात दोन्ही. त्या ट्रकवर होतं ६३० किलो. बाबांना वाटलं आपण चुकीचं वाचतोय. आमच्या गावातली बोलेरो पिकअप १.७ टनाची येते हो, आणि ही तिच्याहून लांब, ४०० हॉर्सपॉवरची गाडी सहा क्विंटलवर दमते? पण तसंच आहे. जेवढी गाडी महागडी आणि सामानसुमानाची तेवढं तिचं स्वतःचं वजन जास्त, आणि तेवढं आपल्याला भरायला कमी उरतं.

आता आमचा हिशोब बघा. आम्ही सहा जण मिळून ३३५ किलो (खरंच बाथरूमच्या काट्यावर एकेकाला उभं केलं). हुकावर येणारं वजन १२-१३ टक्क्यांनी ३४५ किलो. वजन पुढच्या चाकांवर वाटणारा जो हिच (ट्रेलर जोडायचा सांगाडा) लागतो तो स्वतःच ३६ किलो. हौद्यात कूलर, लाकडं, जनरेटर मिळून ७० धरा. झाले ७८६. म्हणजे त्या चकचकीत ट्रकला आम्ही १५० किलोंनी जास्त झालो, आणि डीलर मात्र १३,००० चा आकडा दाखवत होता. नंतर कळलं की ते ओढायचे आकडे J2807 नावाच्या ठरलेल्या चाचणीने काढतात आणि त्यात पुढे फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. दोनच! आपल्या घरात कुठे दोन माणसं फिरतात?

त्याच कंपनीच्या साध्या मॉडेलवर, पुढे बेंच सीटवाल्या, ८०७ किलोचा स्टिकर मिळाला. म्हणजे २१ किलो शिल्लक. त्यावर हौद्याला टोपी, म्हणजे तो फायबरचा टॉपर बसवला की तेही गेले.

आता पर्याय, माझ्या समजुतीप्रमाणे. चुकलं तर दुरुस्त करा.

फोर्ड एफ-१५० मध्ये ३.५ इकोबूस्ट. टर्बो असल्यामुळे आमच्याकडे उंचीवर फार दम लागत नाही असं म्हणतात, कारण साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं आणि आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत व्ही-८ चा तिसरा हिस्सा गायब. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात आणि त्याने लोखंड गंजतं, त्यामुळे मला हे आवडलं. त्यातच हायब्रिड येतो, ७.२ किलोवॅटचे प्लग हौद्यात मिळतात, जनरेटर न्यायलाच नको, पण बॅटरीच्या वजनाने भार क्षमता अजून घटते.

शेवीचा सिल्व्हराडो १५००, ३.० लिटर डिझेल. मायलेज छान, ओढायला मऊ. ६.२ व्ही-८ च्या २०२५ च्या रिकॉलमुळे तो मी बाजूला ठेवलाय. रॅम १५०० ला मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंग आहेत, चालवून बघितला, सगळ्यात आरामशीर तोच. पण मी पाहिलेल्या एकाही रॅमवर ७०० किलोचा स्टिकर नव्हता. टोयोटा टंड्रावर नवऱ्याचा जीव आहे, टोयोटा म्हणजे टोयोटा वगैरे, पण २०२२-२३ च्या गाड्यांचा इंजिनात राहिलेल्या धातूच्या कचऱ्यामुळे २०२४ मध्ये मोठा रिकॉल झाला, त्यामुळे जुना घेताना तपासून घ्यावा लागेल.

आणि मग पाऊण टनी, एफ-२५० किंवा २५०० नंबरवाले. एका पेट्रोल २५०० वर १,३१५ किलोचा स्टिकर पाहिला आणि मला एकदम हायसं वाटलं. पण अडचणी वेगळ्या. भारासकट कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या गाड्यांना मायलेजचं सरकारी लेबलच नसतं, त्यामुळे किती पितो ते मालकांकडूनच कळणार. रिकामा असताना पाठीला दणके देतो. आणि उंच! आई चढायला गेली तेव्हा तिने एका हातात साडीच्या निऱ्या धरल्या, दुसऱ्या हाताने खांबावरची मूठ धरली, पाय अर्धा वर नेला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाली चाकाच्या तुंब्यावर पाय ठेवून बैलगाडीत चढायचो, इथे तुंबा कुठाय. तिची कंबर आधीच दुखरी, गुडघे विचारू नका. ती तक्रार करणार नाही, "चालतंय की" म्हणून दिवसभर बसेल आणि रात्री झोपणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हा निर्णय मला नुसत्या आकड्यांवर घेता येत नाहीये.

बजेट ५५ हजार डॉलर, दोन-तीन वर्षं जुना चालेल. गॅरेज २१ फूट खोल आहे, साडेपाच फुटी हौद्याचा ट्रक जेमतेम बसतो, साडेसहा फुटी घेतला तर बाहेरच.

विचारायचंय ते एवढंच: अर्धा टनीचा जास्त भार क्षमतेचा साधा मॉडेल शोधत राहू, की पाऊण टनी घेऊन आईच्या चढण्या-बसण्याची सोय करू? की ट्रेलरच छोटा घेऊ?

अपडेट, दोन दिवसांनी:

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, मनापासून आभार. तिघांनी सांगितलं की ट्रेलर घेण्याआधी तसाच ट्रेलर भाड्याने घेऊन, पूर्ण भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करा, पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर वेगवेगळं कळतं. बाबांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला, कारखान्याच्या काट्यावर उभं राहण्यात त्यांचे किती हिवाळे गेलेत. येत्या शनिवारी जाणार आहोत.

ज्यांनी "एअरबॅग लाव पाट्यांना, सगळं ठीक होतं" असं लिहिलंय त्यांना नम्रपणे सांगते की मी ते वाचलं, पाट्यांना आधार देणाऱ्या त्या हवेच्या पिशव्यांनी ट्रकची मागची बाजू खाली बसत नाही हे खरं, पण स्टिकरवरचा आकडा त्याने बदलत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, टायर तेच राहतात. २८७ वरच्या त्या अर्ध्या मिनिटानंतर मला तिथे तडजोड करायची नाहीये.

कॅलगरीच्या ताईंचा सल्ला सगळ्यात उपयोगी पडला. त्यांनी लिहिलं की पाऊण टनीचे टायर कंपनीच्या दारावरच्या आकड्याइतके फक्त भार असतानाच भरायचे, रिकामं फिरताना मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर कमी ठेवायचे, दणके बरेच कमी होतात. आणि दार उघडलं की आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या. मी काल एका रॅम २५०० ला त्या बघितल्या, मागेही कॉइल स्प्रिंग आहेत त्याला. आई दोनदा चढली, दोनदा उतरली, मूठ धरून पण निऱ्या न उचलता. मग वीस मिनिटं हायजीन गावाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने फिरवलं तिला मागच्या सीटवर मधे बसवून. काही बोलली नाही. मी आरशात बघत होते, एका हाताने कंबर धरली होती.

म्हणून आता एकच प्रश्न उरलाय, आणि तो ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनाच विचारते. हौद्यात दीड-दोनशे किलो कायम ठेवले, वाळूच्या गोण्या म्हणा, तर मागच्या सीटला खरंच फरक पडतो का? आणि आईला मागे कडेला बसवणं बरं की पुढे, जिथे सीट मागे-पुढे आणि कलती करता येते? पुढे बसवलं तर नवरा मागे पोरांच्या मधे, त्याची तयारी आहे. सात-आठ तासांच्या प्रवासाचा अनुभव असेल तर तोच सांगा, मोआब आमच्याकडून साधारण तेवढंच पडतं ट्रेलर लावून.