'बॅकलोडिंग'ला मराठी शब्द?

धंतोलीकर : मामांची डायरी टाइप करतोय. ते ऑर्डनन्समध्ये, म्हणजे लष्कराच्या शस्त्रं-सामान पुरवणाऱ्या खात्यात होते, श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेसोबत. मार्च १९९०, फौज परत निघाली तेव्हाचं पान : "आज बॅकलोडिंग. आम्ही रिअर पार्टी. पेट्या दोनदा मोजल्या. एकीचं सील तुटलेलं. सही मिळेपर्यंत तिच्यावरच बसून राहिलो." बॅकलोडिंगला, म्हणजे माल मागं परत पाठवण्याला, मी 'परत-रसद' लिहिलं, तर बायको हसली.

कामठीवाला : हसणारच ना भाऊ! रसद पुढं जाते. ती पोचते, तुटते, मारली जाते. पानिपतावर अब्दालीनं भाऊसाहेबांची तोडलीच. परत येतो तो माल, नाहीतर सरंजाम. बाकी आमचे बाबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत होते. लग्न आटोपलं की भाड्याची भांडी परत करायलाही "बॅकलोड करा" म्हणत.

महालकर : रिअर पार्टीला 'चंदावल' चालेल का? मोगली फौजेत पुढची ती हरावल, मागची ती चंदावल.

धंतोलीकर : चंदावल पाठलाग अंगावर घेते. मामांचं काम लढायचं नव्हतं, मोजायचं होतं.

इतवारीकर काकू : मग 'बुणगे' आठवा. फौजेमागचं सामानसुमान आणि बिनलढाऊ माणसं म्हणजे बुणगे. गंमत बघा, आघाडीच्या 'बिनी'वरून बिनीवाले आडनाव झालं, 'बिनीचा शिलेदार' हा मान झाला; पिछाडीच्या बुणग्यांची मात्र 'बाजारबुणगे' अशी शिवी झाली. माल राखणाऱ्याला भाषेनं न्याय दिला नाही, असं माझं मत. अपवाद एकच, 'गाशा गुंडाळणे'. गाशा म्हणजे खोगिरावरचं आच्छादन. पण आता तेही दुकान बंद पडल्यावरच म्हणतात.

महालकर : काकू, मामांना बुणगा म्हणायचं?

इतवारीकर काकू : छे! 'पिछाडीची तुकडी' म्हणा. साधं आहे, कळतं. 'पिछाडी सांभाळणे' तर आपण रोजच बोलतो. बॅकलोडिंग तसंच राहू द्या, तो त्यांच्या तोंडचा शब्द आहे. फार तर पहिल्यांदा येईल तिथं 'माल माघारी धाडणे' अशी टीप द्या.

धंतोलीकर : पटलं. 'परत-रसद' खोडली.

कामठीवाला : ते जाऊ द्या. सील तुटलेल्या पेटीत होतं काय?

धंतोलीकर : लिहिलेलं नाही. पुढच्या पानावर धोब्याचा हिशोब आहे.