कोपीवरच्या मुलांना ताप-पुरळ: रिपोर्ट हातात नसताना कळवायचं का?

नवी_ओपीडी
नमस्कार. वाळवा तालुक्यातल्या एका गावात यंदाच दवाखाना सुरू केलाय. गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या आहेत. काल तिथली तीन मुलं आली. ताप, खोकला, लाल डोळे, नाक गळतंय. पुरळ आधी कानामागे, मग चेहऱ्यावर, आता छातीवर उतरलंय. एका मुलीच्या गालाच्या आत, दाढांसमोर पांढरे ठिपके दिसले. लसीचं कार्ड कुणाकडेच नाही. मला गोवरच वाटतो, पण तपासणी एकही झालेली नाही. मुकादम हात जोडून सांगतोय, "वर कळवू नका, टोळी परत पाठवतील." कळवलं आणि नंतर दुसरंच काही निघालं तर? आणि कळवायचं कुणाला? रोग कळवायच्या सरकारी पोर्टलचा आयडी-पासवर्ड माझ्याकडे नाही.

निवृत्त_टीएचओ
मॅडम, आजच कळवा. संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आत.

ताप आणि लाल पुरळ, पाण्याचे फोड नाहीत, एवढ्यावर संशयित गोवर म्हणून नोंद होते. वय कितीही असो. ही व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे. खात्री करणं हे पुढच्या यंत्रणेचं काम, तुमचं काम संशय घेणं. पोलिओचंच बघा. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. तरी आजही पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला की लगेच कळवावं लागतं, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने जातात. यातल्या जवळजवळ सगळ्या मुलांना पोलिओ नसतो, हे कळवणाऱ्याला माहीत असतं. तरीही तो कळवतो, म्हणून आपण देश पोलिओमुक्त आहे असं छातीठोकपणे सांगू शकतो. तुमची केस गोवर निघाली नाही तर कुणी जाब विचारणार नाही.

पासवर्डवाचून काही अडत नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा, ते उचलत नसतील तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. पोर्टलवरची नोंद ते करून घेतील. तुमची नोंदणी नंतर होईल. फोन करताना पुरळ कोणत्या तारखेला दिसलं ते हाताशी ठेवा, कारण घशाचा स्वॅब पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो, रक्ताचा नमुना २८ दिवसांपर्यंत चालतो. आईला तारीख आठवत नसेल तर बाजाराचा वार विचारा, कारखान्याचा पगारवाटप विचारा, नेमकं सांगते. मूळ गाव, आत्ताची कोपी कुणाच्या रानात आहे, आणि एक चालू मोबाइल नंबर, हेही लिहून ठेवा.

व्हिटॅमिन ए मात्र कुणाची वाट न बघता द्या. वर्षावरच्या मुलाला २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख, आज एक आणि उद्या एक. कुपोषित मुलांना गोवरानंतरचा न्यूमोनिया आणि जुलाब जिवावर उठतात, आणि कोप्यांवर कुपोषण किती आहे ते तुम्ही बघताच आहात.

मुकादमाला समोर बसवून सांगा की आरोग्य खात्याचं पथक टोळी हाकलायला येत नाही, बाकीच्या मुलांना लस द्यायला येतं. पुरळ दिसण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस हा आजार पसरतो. टोळी रातोरात दुसऱ्या फडावर गेली तर गोवरही तिच्याबरोबर जाईल. ही माणसं सहा-सहा महिने कुठल्याच गावच्या यादीत नसतात. त्यांच्या पोरांचं नाव कागदावर येण्याची वाट बहुतेक वेळा एखाद्या खाजगी डॉक्टरच्या फोनमधूनच जाते.

लॅब_मिरज
सरांनी मोबाइल नंबरचं सांगितलं ते फार खरं. आमच्याकडे डेंगीच्या नमुन्यावर नाव, वय आणि 'ताप' एवढंच लिहून येतं. एलायझा (प्रयोगशाळेतली रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली तरी घर सापडत नाही, मग डासअळ्या शोधणार कुठे? आणि रॅपिड कार्डावर (दवाखान्यातच होणाऱ्या झटपट चाचणीवर) थांबू नका, सरकारी नोंदीत तो रुग्ण संशयितच राहतो.

छातीविकार_सोलापूर
रुग्णाची भीती समजते. क्षयरोग मे २०१२ पासून कळवणं बंधनकारक आहे, पण "गावात समजेल" म्हणून अजूनही रुग्ण गयावया करतात. मी त्यांच्यासमोरच निक्षयवर (क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करते आणि माहिती कुठे जाते ते दाखवते. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, हेही सांगते. मग बहुतेक जण शांत होतात.

नवी_ओपीडी
फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न पुरळाच्या तारखेचाच विचारला. उद्या सकाळी पथक येतंय. व्हिटॅमिन ए दिलं. शेजारच्या कोपीत ८ महिन्यांचं बाळ आहे, अजून ताप नाही. त्याला लस देता येईल का? आणि टोळी लवकरच दुसरीकडे हलणार आहे.

निवृत्त_टीएचओ
साथीत ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देतात; २०२२ च्या शेवटी मुंबईच्या साथीत दिला होता. निर्णय जिल्ह्याचा असतो, म्हणून पथक आल्यावर हे बाळ आवर्जून दाखवा. दिला तर कार्डावर 'जादा डोस' असं ठळक लिहा, कारण तो नेहमीच्या डोसात धरत नाहीत. ९ महिने पूर्ण झाल्यावर, मध्ये किमान चार आठवडे सोडून, पहिला डोस द्यावाच लागतो. कार्ड आईच्या हातात द्या, मुकादमाकडे नको, आणि तिच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. टोळी पुढे कुठल्या कारखान्याला जातेय ते आजच विचारून पथकाला कळवा, म्हणजे तिथल्या तालुक्याला आधीच फोन जाईल.