होडीची आउटबोर्ड मोटर चोरीपासून कशी वाचवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात शेजारच्या होडीची आउटबोर्ड मोटर, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून आवळून बसवलेलं इंजिन, एका रात्रीत गेली. सकाळी मागच्या फळीवर क्लॅम्पचे दोन गोल वळ तेवढे होते. पेट्रोलची नळी नीट सोडवून बाजूला ठेवलेली. म्हणजे नेणाऱ्याला कामाची माहिती होती. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

माझी होडी १४ फुटी, फायबरची. मोटर ९.९ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक, वजन ४० किलोच्या आसपास. रोज काढून घरी नेली तर प्रश्नच मिटतो, पण कंबरेचं दुखणं आहे आणि डुलत्या होडीतून एकट्याने उचलणं मला शक्य नाही. तेव्हा मोटर होडीवरच राहणार असं धरून सांगा.

सध्या दोन्ही क्लॅम्प-स्क्रूंच्या मुठींच्या भोकांतून एक साधं लोखंडी कुलूप घातलं आहे. खाऱ्या पाण्याने ते चार महिन्यांत असं गंजलं, की परवा माझ्याच किल्लीने उघडेना. कुलूप कुठलं घ्यावं? साखळी लावू की स्टीलची दोरी? आणि इंजिन बंद करायच्या स्विचची लाल दोरी काढून नेली तर काही उपयोग होतो का?

प्रतिसाद १
लाल दोरीचं आधी सांगतो: उपयोग नाही. मोटर उचलून न्यायला ती चालू करावी लागत नाही.

तुमच्या कुलपाची कडी उघडी आहे, बोल्ट कटरला ती आयतीच सापडते. त्याऐवजी दोन्ही मुठींवर सरकवून बसवायचं नळीसारखं लॉक मिळतं, ते स्टेनलेसचं घ्या. मुठी पूर्ण झाकल्या जातात, स्क्रू फिरवताच येत नाही. फक्त मुठी एका रेषेत याव्या लागतात. त्या जुळवायच्या नादात स्क्रू सैल ठेवू नका, मोटर पाण्यात जाईल.

त्यावर ब्रॅकेटच्या, म्हणजे मोटर फळीवर धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, भोकांतून फळीत आरपार बोल्ट मारा. भोकं सीलंटने नीट भरा. फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं, पाणी मुरलं की ते कुजतं, आणि कुजक्या फळीवरची मोटर करवतीनेही सुटते. बोल्टला आतून खास किल्लीनेच उघडणारे नट लावा.

प्रतिसाद २
स्टीलची दोरी नको, हातातल्या कटरने तुटते. कडक केलेल्या पोलादाची जाड साखळी घ्या आणि रबरी नळीत घाला, म्हणजे मोटर खरवडणार नाही. साखळी लोंबती ठेवू नका, खाली टेकली की कटरवर अंगाचा भार देता येतो. आणि ती अडकवणार कशात, हे बघा. दोन स्क्रूंवरच्या खुंटीत अडकवली तर चोर खुंटीच उपटेल. मागून पट्टी दिलेली भक्कम कडी हवी.

होडीसकट मोटर नेतात हेही लक्षात असू द्या. होडीही धक्क्याला साखळीने बांधा, पण भरती-ओहोटीइतकी ढील ठेवून. तोकड्या साखळीने भरतीला होडीचं नाक पाण्याखाली ओढलं जातं.

कुलूप पितळी, स्टेनलेस कडीचं. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा आणि पातळ तेलाचे दोन थेंब सोडा.

प्रतिसाद ३
मोटरचा सिरियल नंबर आजच लिहून ठेवा. ब्रॅकेटवरच्या पट्टीचा फोटो काढा, बिलाबरोबर घरी ठेवा. तक्रार देताना पहिला प्रश्न नंबरचाच येतो. पट्टी चोर खरवडतात, म्हणून झाकणाच्या आत दोन-तीन ठिकाणी आपली खूण कोरा. ओळखू येणारी मोटर विकायला अवघड जाते.

झाकण प्लास्टिकचं असेल तर आत छोटा जीपीएस ट्रॅकर चालतो, बॅटरी मात्र वेळेवर बदला. त्याने चोरी थांबत नाही, माग लागतो. ठिकाण दिसलं तर पोलिसांना सांगा, एकटे जाऊ नका. विमा असेल तर अटी वाचा. मोटरला वेगळं चोरीरोधक कुलूप असलं पाहिजे अशी अट अनेक पॉलिसींमध्ये असते.

धागाकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. भरतीचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. नळीचं लॉक, आरपार बोल्ट आणि होडीला साखळी, एवढं या आठवड्यात करतो. सिरियल नंबरचा फोटो आत्ताच काढून आलो. एक शंका उरली: लॉकखाली मुठी झाकल्यावर थरथरीने स्क्रू ढिले झाले तर कळणार कसं?

प्रतिसाद १
दोन-तीन फेऱ्यांनी लॉक काढून हाताने आवळून बघायचं. त्या निमित्ताने लॉकच्या आतलं मीठही धुतलं जातं. बोल्ट बसेपर्यंत मात्र प्रत्येक फेरीआधी बघा.