मदत हवी आहे: २०९० च्या नागपुरात कूलर बिनकामाचा

विज्ञान-कादंबरीसाठी भविष्यातलं नागपूर रचतोय. नियम एकच बदललाय: मे महिन्यात हवा कोरडी राहत नाही. बाकी सगळं त्यातूनच निघायला हवं, उगाच उडत्या गाड्या नकोत.

गणित असं मांडलंय. आजचा मे म्हणजे ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणारं; नुसत्या पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा याच्याखाली गार होत नाही) साधारण २४. चांगला कूलर ४५ आणि २४ मधल्या फरकाच्या ८० टक्के उतरवतो, म्हणजे झोत २८ अंशांचा. कथेतला मे ३८ अंश आणि ६० टक्के. पारा ७ अंशांनी खाली, तरी ओलं तापमान ३१ वर जातं आणि झोत ३२ च्या वर. वरून खोली दमट, घाम वाळत नाही. वाचकाला ‘पारा उतरला तरी माणसं मरतात’ हे पटवणंच खरं अवघड काम आहे.

आता अडलंय कुठे, तर कूलर दुरुस्त करणाऱ्यांनी सांगावं: बोअरच्या जड पाण्यावर वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्यांवर पांढरा थर किती दिवसांत धरतो? आधी काय जातं, पंप की वरच्या नळीची भोकं? वाळ्याच्या ताटीला बुरशीचा वास नेमका कसा येतो? प्रसंग गच्चीवरचा आहे, पात्र हाताने ताटी उपसतं.

जाता जाता: जुन्या फॉन्टमधली प्रकरणं युनिकोडमध्ये आणताना ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतोय. सगळीकडे सरसकट ‘र्य’चा ‘ऱ्य’ करावा तर ‘सूर्य’ बिघडतो. कोणी शब्दयादी केली आहे का?